अमेरिकेच्या सीमेवर अधिकाऱ्यांनी बळ वापरलं तर: तेव्हा काय करायचं आणि नंतर दाद कुठे मागायची

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. बफेलोपर्यंत आलोच आहोत तर नायगारा पलीकडून, कॅनडातूनही बघू. डेट्रॉइटला राहतो, मग विंडसर काय, पुलापलीकडेच आहे. परत येताना बहुतेकांचं तपासणीच्या बूथवरचं काम दोन-चार प्रश्नांत उरकतं. काहींना बाजूला घेतात. आणि अगदी थोड्यांच्या बाबतीत गोष्ट बेड्या, जमिनीवर पालथं पाडणं किंवा पेपर स्प्रेपर्यंत जाते. त्या थोड्यांत आपला नंबर लागणार आहे की नाही हे आधी कळत नाही, म्हणून हे सगळ्यांनीच वाचून ठेवावं.

माझ्यावर एका पुलावर ही वेळ आली. हात मागे बांधून बाकावर बसवलं आणि काही तासांनी कुठलाही आरोप न ठेवता सोडून दिलं. पूल कुठला हे सांगत नाही, इथे त्याचं काम नाही. त्यानंतर तक्रार, कागद मागवणं आणि भरपाईचा दावा ही सगळी वाट मी चाललोय, आणि या वाटेवर गोंधळ फार आहे. मी वकील नाही. प्रकरण गंभीर असेल तर वकील लागतोच. पण वकिलाकडे पोचेपर्यंतच्या काळात हातातून बरंच काही निसटतं, ते निसटू नये यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. आपली बाजू बरोबर असली तरी ती बूथवर सिद्ध होत नाही. तिथे अंग शांत आणि तोंड आवरलेलं ठेवायचं. भांडण नंतर कागदावर करायचं.

१. समोर कोण उभा आहे आणि त्याला काय करता येतं

पूल, रस्त्यावरचं प्रवेशद्वार, विमानतळ या ठिकाणी निळ्या गणवेशात असतात ते ‘कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन’चे, म्हणजे सीबीपीचे अधिकारी. हिरव्या गणवेशातले बॉर्डर पेट्रोलचे. खातं एकच, पण ते दोन प्रवेशद्वारांच्या मधल्या मोकळ्या सीमेवर आणि आतल्या रस्त्यांवरच्या नाक्यांवर काम करतात. हे खातं २००३ साली होमलँड सिक्युरिटी विभागाखाली आलं. तक्रारीत खात्याचं नाव चुकलं तर कागद भलत्याच टेबलावर जाऊन पडतो, म्हणून रंग लक्षात ठेवा.

देशाच्या आत पोलिसांना झडतीसाठी जी कारणं लागतात, ती सीमेवर लागत नाहीत. नेहमीच्या झडतीला वॉरंट नको, संशयही नको. गाडीची पेट्रोलची टाकी उतरवून तपासली तरी संशयाचं कारण द्यावं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फ्लोरेस-मोंटानो खटल्यात सांगितलं. नेहमीच्या तपासणीपलीकडे जाऊन माणसाला लांबवर अडकवून ठेवायचं असेल तर मात्र वाजवी संशय हवा, हे १९८५ च्या मोंटोया दे हर्नांडेझ खटल्यात ठरलं. त्यामुळे ‘तुम्हाला माझी डिकी उघडायचा हक्क नाही’ हे वाक्य तिथे उच्चारू नका. हक्क आहे.

झडतीचा हक्क असला म्हणून मारायचा हक्क मिळत नाही. बळाच्या वापराला मोजायची मुख्य फूटपट्टी म्हणजे १९८९ चा ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर हा निकाल. त्या क्षणी, त्या जागी एखाद्या समंजस अधिकाऱ्याला हे बळ वाजवी वाटलं असतं का, एवढं त्यात बघतात. गुन्हा किती गंभीर, तत्काळ धोका होता का, माणूस प्रतिकार करत किंवा पळत होता का, हे मुद्दे असतात. केंद्रीय नियमसंग्रहातल्या (सीएफआर) इमिग्रेशनच्या नियमावलीतलं ८ सीएफआर २८७.८ हे कलम सांगतं की काम साधण्यापुरतंच, कमीत कमी बळ वापरायचं, आणि समोरच्याच्या वागण्याने भाग पाडलं तरच वाढवायचं. जबाब मिळवण्यासाठी किंवा हक्क सोडायला लावण्यासाठी धमकी, जबरदस्ती वा मारहाण करायला तेच कलम मनाई करतं. होमलँड सिक्युरिटीच्या फेब्रुवारी २०२३ च्या धोरणात प्रसंग निवळवण्याचा प्रयत्न करणं, सहकारी मर्यादा सोडत असेल तर मध्ये पडणं आणि जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं या गोष्टी आहेत. जीवघेण्या बळाची परवानगी असेल तो प्रसंग सोडला, तर गळा आवळायला त्यात मनाई आहे. अशी धोरणं बदलतात. तक्रार लिहिताना घटनेच्या दिवशी लागू असलेली प्रत शोधा.

आता दुसरी बाजू. केंद्रीय अधिकाऱ्याला बळाने विरोध केला, अडवलं किंवा त्याच्यावर हल्ला केला, तर केंद्रीय कायद्यातलं १८ यू.एस.सी. १११ हे कलम लागतं. साध्या प्रकारात एक वर्षापर्यंत, अंगाला अंग भिडलं तर आठ वर्षांपर्यंत, हत्यार असेल किंवा इजा झाली तर वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे. राज्यांचे कायदे वेगळे. कॅनडाचे विज्ञानकथालेखक पीटर वॉट्स डिसेंबर २००९ मध्ये मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनहून घरी परतत होते. अमेरिकेत येत नव्हते, अमेरिकेतून बाहेर पडत होते. तपासणीसाठी थांबवल्यावर ते गाडीतून उतरले आणि काय चाललंय असं विचारू लागले. पुढे झटापट झाली, ठोसे बसले, पेपर स्प्रे तोंडावर आला. मार्च २०१० मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं वॉट्स यांनाच. मिशिगनच्या त्या कायद्यात अधिकाऱ्याचा कायदेशीर हुकूम जाणूनबुजून न पाळणं हेसुद्धा ‘अडथळा’ या शब्दात बसतं. तुरुंगवास टळला, दंडावर भागलं, पण गुन्ह्याची नोंद व्हायची ती झाली. या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतल्या. बाहेर जातानाही अडवू शकतात. आणि आपल्याला जी साधी विचारणा वाटते ती कायद्याच्या भाषेत हुकूम न पाळणं ठरू शकते.

२. निघण्यापूर्वी काय बरोबर घ्यायचं

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. फाइल ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या मांडीवर. डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, सीटखाली तर नकोच.

- पासपोर्ट आणि व्हिसा, किंवा ग्रीन कार्ड
- एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असेल तर आय-७९७ मंजुरीपत्र, कंपनीचं पत्र, अलीकडच्या पगारपावत्या
- विद्यार्थी असाल तर प्रवासाची सही असलेलं आय-२०, म्हणजे कॉलेजचं प्रमाणपत्र
- आय-९४ ची, म्हणजे प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीची छापील प्रत
- गाडी भाड्याची असेल तर करारपत्र
- नियमित औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- एका कागदावर हाताने लिहिलेले नंबर: वकील, घरचं कोणीतरी, आपल्या भागाचा भारतीय वाणिज्य दूतावास

शेवटचा कागद विसरू नका. फोन काढून घेतल्यावर आपल्याला एकाचाही नंबर पाठ नसतो.

व्हिसाची मुदत संपली असेल पण आय-९४ चालू असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं, अशी एक तरतूद आहे. तिला अटी आहेत. तिकडे राहून नव्या अमेरिकन व्हिसाचा अर्ज केला की ती मिळत नाही. या तरतुदीवर जाणार असाल तर नियमाची छापील प्रत जवळ ठेवा आणि बाजूला घेतलं जाईल हे धरूनच निघा.

३. बूथवर

रांगेत पुढे सरकताना गाणी बंद करा, गॉगल काढा, सगळ्या काचा खाली घ्या. रात्र असेल तर आतला दिवा लावा. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर, बाकीच्यांचे मांडीवर, दिसतील असे. अधिकारी काही मागेल तेव्हा आधी बोला, मग हात हलवा: ‘कागद फाइलमध्ये आहेत, देतो.’ ही एक सवय लावून घेतलीत तर पुढचे निम्मे घोटाळे टळतात, कारण अधिकाऱ्याचं लक्ष तुमच्या चेहऱ्यापेक्षा हातांवर जास्त असतं.

आपल्या लोकांचे नेहमीचे घोळ सांगतो. मागे बसलेले बाबा पाय आखडले म्हणून दार उघडून उतरतात. आईला वाटतं साहेबांना थेपल्यांचा डबा दाखवावा, म्हणून ती पिशवीत हात घालते. कोणीतरी व्हिडिओ घ्यायला फोन वर करतं. यातलं काहीच गुन्हा नाही, पण गाडीतून अचानक बाहेर येणारा माणूस आणि पिशवीत शिरलेला हात यांवरून आवाज चढतात. निघायच्या आदल्या रात्री घरच्यांना एकदा बसवून सांगा: सांगितल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

उत्तरं खरी आणि छोटी द्या. विचारलं तेवढंच. खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि व्हिसाधारकाला तो आयुष्यभर भोवतो.

४. बाजूला घेतलं तर

याला सगळे ‘सेकंडरी’ म्हणतात. गाडीची किल्ली द्यावी लागते, आत खुर्च्यांच्या हॉलमध्ये बसावं लागतं, गाडी तुमच्या नजरेआड उघडली जाते. बाजूला घेतलं म्हणजे अटक झाली असं नाही. बऱ्याचदा नावासारखं नाव, एखादी नोंद किंवा निव्वळ यादृच्छिक निवड असते.

इथे वकील बरोबर बसवायचा हक्क नसतो. नियम असा आहे की प्रवेशाच्या तपासणीत प्रतिनिधी मिळत नाही. अपवाद एकच: तुमच्यावर फौजदारी तपास सुरू झालाय आणि तुम्हाला त्यासाठी ताब्यात घेतलंय. प्रश्न प्रवासावरून गुन्ह्याकडे वळले, हक्क वाचून दाखवले गेले, की तेव्हा शांतपणे म्हणा: ‘मला वकिलाशी बोलायचं आहे, तोवर मी उत्तर देणार नाही.’ त्यानंतर खरंच गप्प बसा.

अमेरिकन नागरिकाला देशात घ्यावंच लागतं. ग्रीन कार्डवाल्याला सहसा न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हक्क असतो. व्हिसावर असलेल्याला मात्र प्रश्न टाळल्यावर परत पाठवता येतं. घरात तिन्ही प्रकारची माणसं असतील तर नागरिक असलेल्या मुलाच्या हिमतीवर व्हिसावरच्या आईने आवाज चढवू नये.

फोन हा हल्लीचा ठिणगी पडायचा मोठा मुद्दा. सीबीपीच्या जानेवारी २०१८ च्या आदेशानुसार साधी तपासणी संशयाविना करता येते. यंत्र जोडून माहिती उतरवून घ्यायची तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं. दोन्हींत फोनमध्ये असलेलंच बघायचं, इंटरनेटवरचं नाही, म्हणून फोन विमान मोडवर टाकून द्या. पासवर्ड द्यायला तुम्ही नकार देऊ शकता. त्याची किंमत फोन जप्त होणं आणि व्हिसाधारकाच्या बाबतीत प्रवेश नाकारणं ही असू शकते. काही ठरवा, पण फोन मुठीत घट्ट धरून ठेवू नका. ओढाओढी तिथूनच सुरू होते. फोन ठेवून घेतला तर ६०५१डी क्रमांकाची पावती मागून घ्या.

अंगझडती त्याच लिंगाच्या अधिकाऱ्याने घ्यावी अशी मागणी करा. ती मान्य करायची पद्धत आहे.

भाषेचा मुद्दा आई-बाबांसाठी फार महत्त्वाचा. आपल्याकडे ‘हो हो’ म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’. जबाबात ते सरळ ‘होय’ म्हणून उतरतं. ‘तुम्ही इथे काम करणार आहात का?’ ‘हो हो, सूनबाईंचं बाळंतपण आहे ना.’ झालं. फोनवरून दुभाषी मिळतो. मराठीच मागा. हिंदी दुभाषी दिला आणि नीट समजत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

५. हात टाकला तर

अंगाला हात लागला की शरीर आपोआप ताठ होतं, हात मागे ओढला जातो. अहवालात याला प्रतिकार म्हणतात. म्हणून एकच शिकवण: सैल सोडा. हात उघडे, बोटं पसरलेली. ‘खाली झोपा’ म्हटलं तर झोपा. का, असं त्या क्षणी विचारू नका. मोठ्याने, पण न ओरडता इंग्रजीत म्हणा: ‘आय ॲम नॉट रेझिस्टिंग.’ कॅमेऱ्यात आवाज असो नसो, आजूबाजूला ऐकणारी माणसं असतात.

आजार असेल तर तेव्हाच सांगा: दमा, मधुमेह, गरोदरपण, हृदयाला बसवलेलं पेसमेकर. नंतर ‘मी सांगितलं होतं’ याला वजन येतं.

बेड्यांबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला तिथे बसल्याबसल्या कळली. बेडीला दोन कुलपं असतात. पहिलं कुलूप लागल्यावर कडी फक्त घट्ट होत जाते, म्हणून हात जरा वळवला तरी एक दात आत सरकतो. अधिकारी किल्लीच्या टोकावरची छोटी पिन बेडीच्या कडेच्या छिद्रात दाबतात, की ती जागच्या जागी अडकते. ही दुसरी पायरी गडबडीत राहून जाते. मग मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूची नस दाबली जाते आणि अंगठ्याच्या मागचा भाग बधिर होतो, तो कधीकधी कित्येक दिवस. हात हलवून सैल करायचा प्रयत्न करू नका, उलटंच होतं. म्हणा: ‘प्लीज चेक द टाइटनेस अँड डबल लॉक.’ मी म्हटलं तेव्हा त्या अधिकाऱ्याने काही न बोलता पिन दाबली.

पेपर स्प्रे बसला तर डोळे चोळू नका. भरपूर पाणी मागा, उघडझाप करत राहा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर सांगा. वैद्यकीय मदत हवी असेल तर ती शब्दांत मागा: ‘आय नीड मेडिकल केअर.’ नुसतं कण्हलं तर नोंद होत नाही.

बरोबरच्यांनी मध्ये पडू नये. हे लिहायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, मला ठाऊक आहे. नवऱ्याला जमिनीवर पाडलेलं बघून बायको धावणारच. पण मध्ये पडणाऱ्यावर वेगळा गुन्हा लागतो आणि जो एकमेव साक्षीदार होता तोही आरोपी होतो. तिने उभ्या जागी थांबून बघावं. अधिकाऱ्यांच्या छातीवरची नावं, बिल्ल्याचे नंबर, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, लेन क्रमांक, कोण काय बोललं हे मनात पक्कं करावं.

ताब्यात ठेवलं तर भारतीय दूतावासाला कळवा अशी मागणी करा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने तुम्हाला तो हक्क आहे. भारतीयांच्या बाबतीत कळवणं आपोआप होत नाही, मागावं लागतं.

६. सही करण्यापूर्वी

शेवटी टेबलावर कागद येतो. दमलेलं अंग, रडणारं मूल, आणि ‘सही करा म्हणजे मोकळे’ असं कोणीतरी म्हणतं. इथेच थांबा.

- जबाबाचं प्रत्येक पान वाचा. चूक असेल तर दुरुस्ती मागा. समजलं नसेल तर दुभाष्याकडून वाचून घ्या.
- ‘प्रवेशाचा अर्ज मागे घेणं’ आणि ‘तातडीने बाहेर काढणं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात सहसा पाच वर्षं बंदी लागते. पहिला पर्याय देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, पण विचारता येतं.
- ग्रीन कार्डवाल्यांनी आय-४०७ वर दबावाखाली सही करू नये. त्या सहीने आपण होऊन कायमचं वास्तव्य सोडल्यासारखं होतं.
- प्रत्येक कागदाची प्रत मागा.

७. सुटल्यावर पहिला दिवस

घरी नंतर जा. आधी इमर्जन्सी रूम. डॉक्टरांना ‘पडलो’ असं लाजून सांगू नका. काय झालं ते जसंच्या तसं सांगा, म्हणजे ते रुग्णपत्रिकेत उतरतं. वैद्यकीय कागदातलं एक वाक्य तुमच्या दहा पानी तक्रारीपेक्षा भारी असतं.

फोटो त्याच दिवशी काढा, आणि पुढचे काही दिवस रोज काढा. मुका मार पहिल्या दिवशी नुसता लाल दिसतो, दोन-तीन दिवसांनी काळानिळा होऊन त्याचा आकार उमटतो. मनगटाशेजारी एखादी पट्टी ठेवून काढा, म्हणजे माप कळतं. कपडे धुऊ नका. स्प्रेचे किंवा रक्ताचे डाग असलेले कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

मग प्रत्येकाने स्वतंत्र बसून आठवेल ते लिहून काढावं. एकत्र बसून नाही. एकत्र लिहिलं की सगळ्यांचं एकच होतं आणि पुढे तेच संशयास्पद दिसतं. आणि फेसबुक, व्हॉट्सॲप ग्रुप यांवर काही टाकू नका. चिडून लिहिलेली पोस्ट आणि शांतपणे लिहिलेली तक्रार यांतला फरक सरकारी वकील बरोबर शोधून काढतो.

तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर पुढच्या पायऱ्या फौजदारी वकिलाला विचारल्याशिवाय चढू नका. तक्रारीतलं तुमचंच वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

८. चित्रफीत आणि नोंदी मागवा

हे पहिल्या आठवड्यातच करायचं काम. कॅमेऱ्यांचं चित्रण कायम राहत नाही, त्यावर नवं चढतं. म्हणून त्या प्रवेशद्वाराच्या प्रमुखाला आणि सीबीपीच्या कायदे विभागाला एक पत्र पाठवा: अमुक तारीख, अमुक वेळेच्या आधी-नंतरचे दोन-दोन तास, अमुक लेन, अमुक हॉल, हे सर्व चित्रण व नोंदी जपून ठेवाव्यात, दावा अपेक्षित आहे. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. वकील नसला तरी हे पत्र तुम्ही स्वतः लिहू शकता.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, इथल्या भाषेत ‘फोया’. ऑनलाइन करता येतो. सेकंडरीतल्या तपासणीची नोंद, बळ वापरल्याचा अहवाल, तुमचा जबाब, चित्रण हे नावानिशी मागा. ‘माझ्याबद्दलचं सगळं’ असं मागितलं की प्रवासाच्या तारखांची लांबलचक यादी येते आणि हवं ते येत नाही. कायद्यात वीस कामकाजाचे दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने लागतात, आणि आलेल्या पानांवर काळ्या पट्ट्या असतात. नाकारलं तर अपील करा.

९. तक्रार

जागा अनेक आहेत आणि एकीला पाठवली म्हणजे दुसरीला कळलं असं होत नाही.

सीबीपीच्या संकेतस्थळावर तक्रारीचा फॉर्म आहे. अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करणारा त्यांचा विभाग म्हणजे ‘ऑफिस ऑफ प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी’. त्याच्या वर होमलँड सिक्युरिटीचे महानिरीक्षक, त्यांची स्वतंत्र हॉटलाइन आहे. तिसरं, नागरी हक्कांचं कार्यालय, ‘सीआरसीएल’. मार्च २०२५ मध्ये या कार्यालयावर मोठी कुऱ्हाड चालली, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. आणि चौथी जागा, जिच्याकडे आपली माणसं बघतच नाहीत: तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याचं कार्यालय. तुम्हाला मत नसलं तरी तुम्ही तिथले रहिवासी आहात. ते एका संमतीपत्रावर सही घेतात आणि खात्याला विचारणा पाठवतात. माझ्या तक्रारीला नुसता क्रमांक मिळाला होता. उत्तर आलं ते ही विचारणा गेल्यानंतर.

तक्रार एका पानाची लिहा. वेळ, जागा, कोणी काय केलं, तुम्ही काय केलं, इजा काय, साक्षीदार कोण. ‘अमानुष’, ‘वंशवादी’ अशी विशेषणं गाळा. अधिकारी वंशावरून काही बोलला असेल तर त्याचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात द्या. ८ सीएफआर २८७.८ चा उल्लेख करा. या नियमावरून थेट खटला भरता येत नाही, पण चौकशी करणाऱ्याला तो मोजमाप म्हणून वापरावा लागतो.

१०. भरपाईचा दावा: एसएफ-९५

तक्रारीने फार तर अधिकाऱ्यावर कारवाई होते. पैसे मिळत नाहीत. पैशांसाठी ‘फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट’खाली दावा करायचा, त्याचा फॉर्म एसएफ-९५. दोनच पानांचा आहे, पण त्यात खड्डे आहेत.

मुदत घटनेपासून दोन वर्षं. दावा त्या आत खात्याला पोचला पाहिजे, नुसता टपालात पडून उपयोग नाही. तक्रार चालू आहे, फोया यायचंय, म्हणून घड्याळ थांबत नाही. दोन वर्षं खूप वाटतात आणि फोयाची वाट बघण्यातच सरतात.

रकमेच्या रकान्यात ठरावीक आकडा लिहावाच लागतो. ‘न्यायालय ठरवेल तेवढी’ असं लिहिलं तर दावा धरलाच जात नाही. पुढे न्यायालयात सहसा त्याहून जास्त मागता येत नाही, म्हणून उपचार, बुडालेला पगार आणि यातना धरून विचारपूर्वक लिहा. बिलांच्या प्रती जोडा.

मग खात्याला सहा महिने असतात. त्यांनी नाकारलं तर नकाराचं पत्र टपालात पडल्यापासून सहा महिन्यांत केंद्रीय न्यायालयात जायचं. त्यांनी काहीच कळवलं नाही तर तोच नकार मानून जाता येतं. माझ्या बाबतीत मुदत उलटली तरी पत्र नव्हतं. तिथे ज्युरी नसते, न्यायाधीश ठरवतात, आणि दंडात्मक भरपाई मिळत नाही. ज्या राज्यात घटना घडली तिथला कायदा लागतो, म्हणून वकीलही तिथलाच बघा. या कायद्याखाली वकिलाची फी खात्याच्या पातळीवर मिटलं तर २० टक्के आणि खटला भरल्यावर २५ टक्के यांहून जास्त असू शकत नाही. कोणी एक तृतीयांश मागितलं तर हे सांगा.

अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला भरू, असं पुष्कळांच्या डोक्यात असतं. ती वाट जवळजवळ बंद आहे. २०२० मध्ये हर्नांडेझ विरुद्ध मेसा आणि २०२२ मध्ये एग्बर्ट विरुद्ध बूल या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सीमेवरच्या अधिकाऱ्यांविरुद्ध असे दावे ऐकायला नकार दिला. उरतो तो सरकारविरुद्धचा दावा. त्यातूनही तडजोडी होतात. २०१० मध्ये सॅन यसिड्रो प्रवेशद्वाराजवळ मारहाण आणि टेझरच्या (विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) वापरानंतर अनास्तासियो हर्नांडेझ रोहास यांचा मृत्यू झाला. त्यात कोणावरही फौजदारी खटला उभा राहिला नाही. कुटुंबाला २०१७ मध्ये तडजोडीतून दहा लाख डॉलर मिळाले.

टोरांटो, डब्लिन किंवा अबू धाबीच्या विमानतळावर अमेरिकेची तपासणी तिथेच होते. गणवेश तोच, पण जमीन परकी. परदेशात घडलेल्या गोष्टींना भरपाईचा हा कायदा लागू नाही. तिथे काही झालं तर त्या देशातल्या वकिलाला विचारा.

११. पुढच्या प्रवासाआधी

दरवेळी बाजूला घेऊ लागले तर ‘डीएचएस ट्रिप’ या योजनेत अर्ज करा. त्यातून एक क्रमांक मिळतो, विमानाचं तिकीट काढताना तो टाकायची जागा असते. नावाच्या घोळामुळे अडवत असतील तर याने फरक पडतो. इतर कारणांना याचा उपयोग नाही.

तक्रार केली म्हणून व्हिसा जातो का, असं मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. तक्रार हे व्हिसा नाकारायचं कायदेशीर कारण नाही. पण ताब्यात घेतलं गेल्याची नोंद राहते, आणि ग्रीन कार्डच्या व नागरिकत्वाच्या अर्जात कधी अटक झाली का, ताब्यात घेतलं होतं का, असे प्रश्न असतात. आरोप न ठेवता सोडलं असलं तरी उत्तर काय द्यायचं ते वकिलाला विचारून ठरवा. सुटकेच्या वेळचा कागद, फोयाची पानं आणि एसएफ-९५ ची पोच एका पाकिटात ठेवा. नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाताना हे पाकीट बरोबर लागेल.